प्रश्न विचारण्याची जागा

वीजदराच्या सुनावण्या, ग्राहक-संस्थांचं काम, कंपन्यांच्या याचिका वाचून त्यांवर हरकती लिहिणं यात माझी उमेदीची वर्षं गेली. या काळात स्वयंसेवी संस्था आणि उद्योग यांच्या नात्याविषयी दोन मतं पुन्हा पुन्हा ऐकली. एका मतानुसार संस्था कंपन्यांच्या मागे हात धुऊन लागलेल्या असतात आणि त्यांना कारखाना, खाण, प्रकल्प असं काहीच नको असतं. दुसरं मत जास्त सभ्य भाषेत मांडलं जातं: भांडणाचे दिवस गेले, आता संस्थांनी कंपन्यांच्या खांद्याला खांदा लावावा, कंपनीचा पैसा आणि संस्थेचा गावातला वावर एकत्र आला की सगळ्यांचंच भलं होईल. वरवर ही मतं परस्परविरोधी आहेत, पण दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच. कंपनी जबाबदारीने वागेल की नाही हे माणसांच्या वृत्तीवर अवलंबून असतं, कार्यकर्ता आडमुठा आहे की समजूतदार आणि व्यवस्थापक भला आहे की बेरका, यावर सगळं ठरतं, अशी ती समजूत. कामाच्या ओघात मला ती पटेनाशी झाली. कंपनी उत्तर देते ती जिथे प्रश्न विचारण्याची कायमची जागा असते तिथे. म्हणजे जिथे कागद मिळवण्याचा हक्क असतो, प्रश्नाची नोंद होते, लेखी उत्तराला मुदत असते आणि उत्तर आलं नाही तर कंपनीचंच काहीतरी अडतं. अशी जागा नसेल तर सज्जन व्यवस्थापकही गप्प राहतो, आणि ती असेल तर मुजोर कंपनीलाही आकडे मांडावे लागतात. ही जागा मिळवणं, वापरणं आणि राखणं, हे मी संस्थांचं मुख्य काम मानतो. बाकीचं सगळं त्याच्या आधाराने उभं राहतं.

महाराष्ट्रात हे समजून घ्यायला दाभोळ वीजप्रकल्पासारखं दुसरं उदाहरण नाही. जून १९९२ मध्ये एन्रॉन व जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपन्या आणि महाराष्ट्र राज्य वीज मंडळ यांच्यात सामंजस्य करार झाला आणि डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदी करारावर सह्या झाल्या. स्पर्धात्मक निविदा मागवल्या गेल्या नव्हत्या. हा प्रकल्प राज्याला परवडणारा नाही, असं सांगून जागतिक बँकेने १९९३ मध्येच कर्जाला नकार दिला होता. तरीही काम पुढे गेलं. कराराचा गाभा असा होता की, मंडळाने वीज उचलली किंवा नाही उचलली तरी क्षमतेपोटीचा स्थिर आकार भरायचा, तोही बराचसा डॉलरच्या भावाशी बांधलेला. मंडळ चुकलं तर राज्याची हमी आणि त्यावर केंद्राची प्रतिहमी. वीस वर्षं राज्यातल्या प्रत्येक वीजग्राहकाच्या बिलात उतरणारा हा करार त्या ग्राहकाला वाचायला मात्र मिळत नव्हता. पुण्यात १९९४ साली सुरू झालेल्या ‘प्रयास’ या संस्थेतल्या अभियंत्यांनी हाती लागलेल्या कागदांवरून हिशेब मांडला. ही वीज किती रुपयांना पडेल, मंडळाला तिची गरज किती आणि तो बोजा मंडळ कसा पेलणार, हे त्यांनी आकड्यांत दाखवलं. कामगार संघटना न्यायालयात गेल्या. गुहागर तालुक्यात अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांतली माणसं रस्त्यावर आली. दुसरीकडे, भारतातल्या लोकांना या प्रकल्पाबद्दल ‘शिक्षित’ करण्यावर आपण दोन कोटी डॉलर खर्च केल्याचं एन्रॉनच्या अधिकाऱ्याने १९९५ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नव्या युती सरकारने प्रकल्प रद्द केला आणि काही महिन्यांतच वाटाघाटी करून तो पुन्हा स्वीकारला. १९९६ मध्ये उच्च न्यायालयाने कराराविरुद्धची याचिका फेटाळली. गावातल्या आंदोलकांना लाठ्या आणि अटका सोसाव्या लागल्या. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने १९९९ मध्ये या दडपशाहीवर सविस्तर अहवाल काढला. प्रकल्पावर तैनात पोलिसांचा खर्च कंपनी भागवत होती, हेही त्यात नोंदलेलं आहे.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. मंडळ कमी वीज उचलू लागलं तसा स्थिर आकार थोड्या युनिटांवर विभागला जाऊन काही महिन्यांत युनिटमागे सात रुपयांहून अधिक दर पडला. २००१ च्या सुरुवातीला मंडळाचे पैसे थकले, एप्रिलमध्ये राज्य सरकारने नेमलेल्या गोडबोले समितीने शासनाच्या सगळ्या पातळ्यांवरच्या अपयशाची नोंद केली, मे महिन्यात वीजकेंद्र बंद पडलं आणि डिसेंबरमध्ये एन्रॉनचंच दिवाळं निघालं. या क्षेत्रातल्या आमच्या पिढीने दाभोळकडून जे घेतलं ते टीकाकारांच्या द्रष्टेपणाचं कौतुक नव्हे. त्यांचा हिशेब बरोबर होता, वेळेत होता, छापील होता, आणि तरी काहीही थांबलं नाही. कारण तो हिशेब नेऊन ठेवायला टेबलच नव्हतं. मंत्रालयाला त्याचं उत्तर देणं बंधनकारक नव्हतं, मंडळाला नव्हतं, कंपनीला तर नव्हतंच. न्यायालय करार कायदेशीर आहे का एवढं पाहत होतं. वीज कोणत्या दराने घ्यावी हे ठरवणं त्याला आपलं काम वाटत नव्हतं. वर्तमानपत्रांत उमटलेला संताप सरकार बदलायला उपयोगी पडला, पण नव्या सरकारनेही बंद दाराआडच वाटाघाटी केल्या. बरोबर असणं आणि उत्तर मिळणं यांत केवढं अंतर असतं, हे तिथे कळलं.

ती जागा मिळाली १९९८ च्या वीज नियामक आयोग कायद्याने. १९९९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला आणि वीजदर मंत्रालयाच्या दालनातून सुनावणीच्या सभागृहात आले. मंडळाला पहिल्यांदाच आपली याचिका प्रसिद्ध करावी लागली. त्यात सगळ्यात आधी मोडून पडला तो गळतीचा आकडा. वीज मंडळ वर्षानुवर्षं आपली पारेषण आणि वितरण गळती अठरा टक्क्यांच्या आसपास सांगत आलं होतं. बहुसंख्य कृषिपंपांना मीटर नव्हते. त्यांचा वापर पंपाच्या अश्वशक्तीवरून अंदाजाने धरला जाई. चोरीची, जुनाट तारांमुळे वाया जाणारी आणि मोठ्या ग्राहकांच्या मीटरमधून निसटणारी वीज त्या अंदाजात घातली की गळती कमी दिसे आणि शेतकरी मात्र अवाढव्य वीज फुकट जाळतो असं चित्र तयार होई. सुनावणीत साधे प्रश्न आले. पंप वर्षाला किती तास चालतात? त्या भागात तेवढे तास पुरवठा तरी असतो का? वाहिनीवरची नोंद आणि बिलांची बेरीज यांत फरक किती? उत्तरं द्यायची वेळ आली तेव्हा गळतीचा आकडा तीस टक्क्यांच्या पुढे गेला. हे साधलं ते याचिकेच्या तक्त्यांतून आणि त्यांवरच्या लेखी प्रश्नांतून. शेतकऱ्याच्या माथी मारलेली वीज त्याने वापरलेलीच नाही, हे म्हणायला शेतकरी संघटनांकडे आधीही शब्द होते. आता त्यांच्या हाती मंडळानेच मांडलेले आकडे आले.

२००३ च्या वीज कायद्याने ही जागा आणखी पक्की केली. दर ठरवण्याआधी लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेणं बंधनकारक झालं आणि कलम ९४ नुसार ग्राहकांच्या वतीने बाजू मांडायला आयोग कुणालाही प्राधिकृत करू शकतो. महाराष्ट्रात अशा प्रतिनिधींत मुंबई ग्राहक पंचायत आणि प्रयास यांच्याबरोबर ठाणे-बेलापूर आणि विदर्भातल्या उद्योजकांच्या संघटनाही आल्या. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. संस्था विरुद्ध उद्योग अशी सरळ फळी तिथे उरत नाही. कारखानदारही वीज कंपनीसमोर ग्राहक म्हणून उभा राहतो आणि त्यालाही तोच तक्ता, तोच खुलासा हवा असतो.

या जागेवर काम करताना एक गोष्ट शिकावी लागते आणि ती कार्यकर्त्याच्या स्वभावाला जड जाते. ‘ही दरवाढ म्हणजे लूट आहे’ या वाक्याची आदेशात एका ओळीत नोंद होते: ग्राहकांनी दरवाढीला विरोध दर्शवला. त्यापुढे आयोग काही लिहीत नाही, कारण उत्तर देण्यासारखं त्यात काही नसतं. पण एखादा खर्च मागच्या आदेशात नामंजूर झाला होता, तोच यंदा दुसऱ्या शीर्षाखाली पुन्हा मागितला आहे, असं तक्ता दाखवून म्हटलं की कंपनीला खुलासा करावा लागतो आणि आयोगाला तो खुलासा का मान्य किंवा अमान्य केला याचं कारण लिहावं लागतं. कारण न दिलेला आदेश दिल्लीच्या अपिलीय न्यायाधिकरणात टिकत नाही. म्हणून राग सभागृहापर्यंत न्यावा आणि आत गेल्यावर हिशेब काढावा, ही शिस्त अंगी बाणवावी लागते. ती कंटाळवाणी आहे. याचिका शेकडो पानांची, बरीचशी इंग्रजीत. हरकतींची मुदत काही आठवड्यांची. आणि अभ्यास करणाऱ्या माणसाला त्या रात्रींचा मोबदला कुणी देत नाही. तरुण कार्यकर्ते मोर्चाला उत्साहाने येतात आणि ट्रू-अपच्या, म्हणजे अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांच्या ताळमेळाच्या, तक्त्यापाशी थांबतात. त्यांना दोष देता येत नाही. ज्या संस्थांनी पाच-दहा वर्षं एकाच विषयावर माणसं टिकवली त्यांनाच इथे काही साधलं. आणि सुनावणी नुसता विधी होऊ शकते, हेही खरं आहे. हरकती घेतल्या जातात, आदेशात त्यांचा गोषवारा येतो आणि निर्णय आधी ठरल्यासारखाच लागतो, असं अनेकदा होतं. तरी गोषवाऱ्यात राहिलेला प्रश्न पुढच्या याचिकेत उपयोगी येतो, कारण कंपनीचं लेखी उत्तर आता कायमचं दप्तरात असतं आणि पुढच्या वर्षी तिला त्याच्याशी विसंगत बोलता येत नाही.

या सगळ्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो कंपन्यांइतकाच लोकप्रतिनिधींकडूनही येतो. तुम्हाला निवडून कुणी दिलं? कोणाच्या वतीने बोलता? आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. त्याचं अर्धं उत्तर सोपं आहे: संस्था निर्णय घेत नाही, फक्त विचारते, आणि विचारण्याचा हक्क कुठल्याही ग्राहकाला, कुठल्याही गावकऱ्याला आहेच. विचारलेलं खरं की खोटं, हे कागदावरून कुणालाही ताडून पाहता येतं. त्यासाठी विचारणारा निवडून आलेला असावा लागत नाही. उरलेलं अर्धं उत्तर अवघड आहे. सुनावणीला कोण पोचतं? मुंबई-पुण्याचा घरगुती ग्राहक, उद्योजक संघटना, यंत्रमागधारकांचे प्रतिनिधी, काही शेतकरी नेते. ज्या पाड्यावर अजून नीट वीजच पोचलेली नाही त्याचं बिल नसतं, म्हणून त्याची हरकतही नसते. औद्योगिक ग्राहकाला क्रॉस-सबसिडी, म्हणजे इतरांच्या स्वस्त विजेसाठी त्याच्याकडून घेतला जाणारा जादा दर, कमी व्हायला हवी असते. तिच्याच आधाराने पंपधारक शेतकऱ्याचं बिल आटोक्यात राहतं. दोघंही ‘ग्राहकहित’ हाच शब्द वापरतात. तेव्हा आपण कोणाच्या बाजूने बोलतो आहोत, आपल्याला पैसा कुठून येतो, आपला अंदाज मागे कुठे चुकला, हे संस्थेने स्वतःहून जाहीर केलं पाहिजे. जी संस्था कंपनीकडे खुलासा मागते आणि स्वतःचा ताळेबंद कपाटात ठेवते, तिचा प्रश्न दुबळा होतो. हा नैतिक उपदेश म्हणून सांगत नाही. समोरचा वकील पहिला घाव तिथेच घालतो.

दुसरा आक्षेप असा की, हे काम सरकारचं आहे. तपासणी सरकारी प्रयोगशाळा करतील, मानकं सरकार ठरवेल, संस्थांनी मध्ये का पडावं? २००३ चं शीतपेयांचं प्रकरण इथे आठवावं. ऑगस्ट २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने बारा ब्रँडच्या शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं जाहीर केलं. कंपन्यांनी प्रयोगशाळेच्या विश्वासार्हतेवरच शंका घेतली. संसदेने शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त समिती नेमली आणि फेब्रुवारी २००४ मध्ये त्या समितीने संस्थेचे निष्कर्ष मान्य केले. बातमी तेवढीच लक्षात राहिली. माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट वेगळीच होती. शीतपेयात कीटकनाशकाचे अंश किती असू शकतात याचं मानकच देशात नव्हतं. मानक नसेल तर सरकारी निरीक्षक कितीही प्रामाणिक असला तरी काय मोजणार आणि कशाशी ताडणार? कंपनी कायदा मोडत नव्हती, कारण मोडायला कायदाच नव्हता. सरकारने करायचं काम सरकारने करावं हे मान्यच. पण सरकारी यंत्रणा नेमलेली गोष्टच मोजते, आणि काय मोजलं जावं हे बाहेरून कुणीतरी दाखवून द्यावं लागतं. त्याआधी काही महिने बाटलीबंद पाण्याबाबत त्याच संस्थेने असंच दाखवून दिलं होतं आणि पाण्याची मानकं लवकर बदलली. शीतपेयांबाबत वर्षं गेली, २००६ मध्ये संस्थेला पुन्हा नमुने तपासून दाखवावे लागले. जिथे उद्योग छोटा होता किंवा विखुरलेला होता तिथे नियम झटपट झाला आणि जिथे ताकदवान होता तिथे रेंगाळला, असं मला या तुलनेतून दिसतं.

अशा प्रश्नांनी उद्योग बंद पडून लोकांचा रोजगार जातो, हा आक्षेप मात्र सगळ्यांत वजनदार आहे, आणि त्याला गोव्याहून चांगलं उदाहरण नाही. लोहखनिजाच्या बेकायदा उत्खननावर न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल आल्यानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये गोवा सरकारने खाणी थांबवल्या. गोवा फाउंडेशन या संस्थेच्या याचिकेवर एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, खाणपट्ट्यांची मुदत नोव्हेंबर २००७ मध्येच संपली होती आणि त्यानंतरचं सगळं उत्खनन बेकायदा होतं. वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून विक्रीच्या दहा टक्के रक्कम भावी पिढ्यांसाठीच्या कायम निधीत टाकण्याचा आदेशही न्यायालयाने दिला. त्यानंतर सरकारने लिलाव न करता ८८ पट्ट्यांचं पुन्हा नूतनीकरण केलं; फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने तेही रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा थांबल्या. सत्तरी, डिचोली, सांगे, केपे या पट्ट्यात ट्रकमालकांच्या दारात गाड्या उभ्या राहिल्या, बार्जवाल्यांचे हप्ते थकले, गॅरेज आणि खानावळी ओस पडल्या. त्यांनी संस्थेला शिव्या घातल्या. त्या रागाला मी अज्ञान म्हणणार नाही. बेकायदेशीरपणाचा फायदा वर जमा झाला होता आणि त्याच्या निकालाची किंमत खाली वसूल झाली. उत्तरदायित्वाच्या लढाईत हे वारंवार घडतं: कंपनीचा नफा आधीच घरी गेलेला असतो आणि दंड मजुराच्या मजुरीतून भरला जातो. मात्र यावर ‘म्हणून चालू द्या’ हे उत्तर होत नाही. पाच वर्षं जे चाललं ते वेळेवर विचारलं गेलं असतं, मुदत संपताच खनिज खात्याला कुणीतरी लेखी उत्तर मागू शकलं असतं, तर एका फटक्यात सगळं थांबवण्याची वेळ आली नसती. अचानक आणि कठोर न्याय होतो तो आधीच्या सौम्य प्रश्नांना जागा न मिळाल्यामुळे. गोव्यातल्या त्या संस्थेने खाणींविरुद्ध याचिका करून हात झटकले नाहीत. खनिज ही सगळ्या गोंयकारांची मालमत्ता आहे, तिचं उत्पन्न कायम निधीत जावं आणि त्याचा लाभांश नागरिकांना मिळावा, अशी मांडणी घेऊन ‘गोंयची माती’ ही चळवळ उभी केली. तिच्या तपशिलाशी मतभेद असू शकतात. पण बंदीच्या पलीकडचा हिशेब संस्थेने मांडला पाहिजे, हे मला तिथूनच पटलं.

आता पैशाकडे वळतो, कारण गेल्या दहा-बारा वर्षांत संस्था-उद्योग नातं सर्वांत जास्त बदललं ते पैशामुळे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ५०० कोटी निव्वळ मूल्य, १००० कोटी उलाढाल किंवा पाच कोटी निव्वळ नफा असलेल्या कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्चावी लागते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू झालं. देशभरात ही रक्कम आता वर्षाला २५ हजार कोटींच्या पुढे गेली आहे आणि तिचा सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्रात खर्च होतो. या पैशातून शाळांना स्वच्छतागृहं मिळाली, पाणलोटाची कामं झाली, दवाखान्यांत यंत्रं आली. ते वाईट आहे असं म्हणणाऱ्याने त्या गावात जाऊन म्हणावं. पण या कायद्याने एक गोष्ट नकळत केली. कंपनीने नफा कसा कमावला, या प्रश्नाच्या जागी तिने नफ्यातले दोन टक्के कुठे दिले, हा प्रश्न बसवला. आणि संस्था, जी पूर्वी पहिला प्रश्न विचारत होती, ती दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातली अंमलबजावणी यंत्रणा झाली. एखाद्या औद्योगिक वसाहतीतून खाडीत सोडलं जाणारं पाणी मासे मारत असतं आणि त्याच वसाहतीतल्या कंपनीच्या निधीवर त्याच खाडीकाठी आरोग्य शिबिर चालवणाऱ्या संस्थेला हे दिसत असतं. पण पुढच्या वर्षीचा प्रस्ताव मंजुरीसाठी गेलेला असतो. तिथे कुणी धमकी देत नाही, कुणी लाच देत नाही. प्रश्न फक्त पुढच्या वर्षावर ढकलला जातो. यात संस्थेतल्या माणसांचा कोतेपणा शोधण्यात अर्थ नाही. पगारपत्रकावर चाळीस माणसं असली की कुणीही असंच वागेल.

दुसरीकडे स्वतंत्र पैसा आटला. परदेशी देणगी नियमन कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने परदेशी निधीतून दुसऱ्या संस्थेला पैसे देणं बंद केलं. तालुक्यातल्या लहान गटाला मोठ्या संस्थेकडून मिळणारा आधार त्यामुळे तुटला. परदेशी पैशावर चालणाऱ्या संस्थांनी देशातल्या उद्योगांना प्रश्न विचारावेत का, हा आक्षेप मी समजू शकतो, आणि शक्य असेल तिथे लोकवर्गणी आणि सभासद शुल्कावर उभं राहावं असंच माझंही मत आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून सभासद कुटुंबांच्या सामूहिक खरेदीच्या बळावर टिकली आणि म्हणूनच स्थावर संपदा कायद्याच्या मागणीत तिला बिल्डरांची भीड बाळगावी लागली नाही. पुढे २०१८ मध्ये त्या कायद्याखालच्या महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाने बिल्डरांच्या संघटना आणि ग्राहक पंचायत यांना एकत्र बसवून सलोखा मंच सुरू केला, तेव्हा दोन्ही बाजू समोरासमोर बसल्या त्या कायद्याने दिलेल्या बळावर. एकाने दुसऱ्याकडून निधी घेतलेला नव्हता. सहकार्य करायचं तर ते असं. पण देशी पैशाचा सर्वांत मोठा झरा आज कंपन्यांच्याच हाती आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय परदेशी पैशाचा आक्षेप अपुरा राहतो. दोन्ही वाटा अरुंद झाल्या की प्रश्न विचारणारी संस्था उरत नाही, सेवा पुरवणारी तेवढी उरते.

कंपन्यांच्या बाजूने यावर सांगितलं जातं की, आता आम्ही स्वतःच सगळं जाहीर करतो. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने २०२१ मध्ये व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवालाचा नमुना आणला आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना तो सक्तीचा केला. पाणी किती वापरलं, किती अपघात झाले, किती तक्रारी आल्या, किमान वेतन किती जणांना मिळतं, असे रकाने त्यात आहेत. मी हे अहवाल आस्थेने वाचतो. दाभोळच्या काळात असा एक कागद मिळाला असता तर काय झालं असतं, असं मनात येतं. तरी त्यात एक उणीव आहे. अहवाल गुंतवणूकदारासाठी लिहिलेला असतो. शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर तो इंग्रजीत चढतो आणि त्यातल्या रकान्यावर कारखान्याशेजारच्या ग्रामपंचायतीने हरकत घ्यावी, कंपनीने तिला मुदतीत उत्तर द्यावं, अशी सोय नाही. कागद आहे, पण विचारण्याची जागा नाही. वीज आयोगाच्या याचिकेला जे वजन आलं ते हरकतीमुळे आलं, छपाईमुळे नव्हे.

आणि मग असे उद्योग आहेत जिथे कागदही नाही. ऊसतोडीचं घ्या. बीड, जालना, नगरच्या कोरडवाहू गावांतून दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. खाडा झाला की दंड. राज्य सरकारच्या समितीने २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची पाहणी केली तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटनांनी हा विषय धरून ठेवला, वर्तमानपत्रांनी लिहिलं, उच्च न्यायालयानेही दखल घेतली. पण प्रश्न कुणाला विचारायचा? कारखाना म्हणतो, ही माणसं आमची नाहीत, आमचा करार वाहतूक ठेकेदाराशी आणि मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मी तर त्यांच्यातलाच. सहकारी कारखाने शेअर बाजारात नाहीत, म्हणून सेबीचा नमुना त्यांना लागू नाही. आणि त्यांची साखर विकत घेणाऱ्या शीतपेय-बिस्किटांच्या कंपन्या आपल्या अहवालात पुरवठासाखळीचा उल्लेख करतात तो साखरेच्या पोत्यापाशी थांबतो, फडापर्यंत जात नाही. तरीही दर काही वर्षांनी तोडणीचा दर ठरतो तेव्हा साखर संघ आणि ऊसतोड संघटना समोरासमोर बसतात. मजुरी ठरवताना कारखाना मालकाच्या जागी असतो आणि आजारपण, बाळंतपण, अपघात यांच्या वेळी तो तिथून उठून जातो.

म्हणून माझ्या मते इथे संस्थांनी सहानुभूतीच्या मोहिमांपेक्षा एका बारीक मागणीवर जोर लावावा. उसाची गाडी वजनकाट्यावर जाते तेव्हा कारखान्याच्या पावतीवर शेतकऱ्याचं नाव येतं, गाडीचा नंबर येतो, ठेकेदाराची नोंद होते. त्याच पावतीवर तो ऊस तोडणाऱ्या प्रत्येकाचं नाव यावं, नवऱ्याचं आणि बायकोचं स्वतंत्र. कारखान्याला हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. काट्यावर संगणक आहे आणि टोळीची यादी मुकादमाकडे असते. एकदा नाव आलं की कामाचे दिवस मोजता येतात, दिवस मोजता आले की विमा, प्रसूतीची सुट्टी आणि भरपाई यांचा दावा करता येतो, आणि दावा फेटाळायचा तर कारखान्याला कारण लिहून द्यावं लागतं. साखर आयुक्तालय दर हंगामाला गाळप परवाना देतं. परवान्याची अट म्हणून ही नोंद मागायला आणि तिच्यावर तालुक्याच्या ठिकाणी हंगामात एकदा सुनावणी घ्यायला फार मोठ्या राजकीय क्रांतीची गरज नाही. १९९९ मध्ये वीज मंडळाकडे पंपांचे तास मागितले होते, त्याला जेवढी चिकाटी लागली तेवढी इथेही लागेल.